टॅब बघायला जाताना सोबत टॉवेल न्या

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडं एका माग कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून पैसे कापले गेले आणि ते फक्त एका खराब फोटोमुळं कापले गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे, लाईट पण आहे, म्हणून बसलेय.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या (अंगावर दोऱ्याचे छोटे लूप उभे असतात त्या) युनिटमध्ये क्वालिटी आणि डिस्पॅच दोन्ही बघते. म्हणजे चेकिंग टेबलपासून कंटेनरचं दार बंद होईपर्यंत जे काय फोटो काढायचे, चलन स्कॅन करायचं, बायरला पाठवायचं ते सगळं माझ्याकडं. मालकांनी त्याआधी तीन टॅब ऑनलाइन मागवले होते, स्वस्तात मिळाले, बॉक्सवर मोठ्या अक्षरात १३ मेगापिक्सल लिहिलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असले टॅब एकाच कंपनीचे नसतात. तर त्या दिवशी फायनल चेकिंगला आठ टॉवेलांवर तेलाचे डाग सापडले, पोरीनं टॅग आणि डाग एकाच फ्रेममध्ये घेऊन फोटो काढला आणि टॉवेल लगेच डाग काढायला पाठवून दिले, कारण दुसऱ्या दिवशी लोडिंग होतं. संध्याकाळी फोटो उघडला तर टॅगवरचा माग नंबर ११ आहे की १७ तेच कळेना. झूम करावं तितकं जास्त धूसर. कुणीतरी म्हणालं १७ च असणार, त्या मागावर आधी पण तेल गळलं होतं. झालं, १७ नंबरवाल्याचे पैसे कापले.

चार दिवसांनी कळलं की तेल मागाचं नव्हतंच. हेमिंगच्या, म्हणजे काठ शिवायच्या एका मशीनमधून गळत होतं. आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की तो डाग शिलाईच्या दोऱ्यावर पण होता, म्हणजे शिवल्यानंतर पडलेला होता, फोटो नीट असता तर तिथल्या तिथं दिसलं असतं की हा विणतानाचा डाग असूच शकत नाही. पैसे पुढच्या आठवड्यात परत दिले. पण तो माणूस माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही आणि मला त्याचा राग यायचं कारणच नव्हतं, त्याच्या जागी मी असते तर मी पण बोलले नसते. माझे बाबा मागावरच होते, पगारातून असे कापून आलेले पैसे घरात कसे जाणवतात ते मला माहितीय.

म्हणून मी मालकांना सांगितलं की टॅब बदलायचे, आणि बघून आणायचे. ते म्हणाले बजेट वाढवणार नाही, तू बघ. तिथून पुढं महिनाभर मी जे शिकले ते लिहितेय, टॉवेलवाल्यांनाच नाही तर ज्यांना कामाच्या जागी टॅबनं फोटो काढायला लागतात त्या सगळ्यांना लागू पडेल असं वाटतं. गारमेंटवाले, गोडाऊनवाले, साईटवर जाणारे इंजिनिअर, लॅब, गॅरेज, कुणी पण.

पहिली गोष्ट मेगापिक्सलची. आपल्याकडं अजून दुकानदार पण तेच सांगतो आणि घेणारा पण तेच विचारतो. खरं म्हणजे ८ मेगापिक्सल कामाला भरपूर आहे. ८ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे साधारण ३२६४ बाय २४४८ ठिपके. ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे पावणेबारा इंचाच्या आसपास, कागद फ्रेमभर घेतला तर इंचाला २८० ठिपके पडतात, आणि ऑफिसातला स्कॅनर आपण ३०० वर ठेवतो. म्हणजे जवळपास स्कॅनरइतकंच झालं की. चलन, पॅकिंग लिस्ट, कार्टनवरचा स्टिकर, सगळं आरामात वाचता येतं. मग आमच्या १३ मेगापिक्सलला ११ आणि १७ का कळेना? कारण त्याला ऑटोफोकस नव्हता.

हीच ती गोष्ट जी बॉक्सवर कुणी लिहित नाही. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा फिक्स फोकसचा कॅमेरा असतो, म्हणजे लेन्स एका जागी बसवून टाकलेली, हलतच नाही. चार-पाच फुटांवरचा माणूस, खोली, गाडी हे सगळं बरं येतं, म्हणून दुकानात फोटो काढून बघितला तर काही वाटत नाही. पण आपलं काम असतं वीतभर अंतरावरचं. टॅगवरचा नंबर, तुटलेला धागा, ओढला गेलेला लूप, सीलचा नंबर, मशीनची नेमप्लेट. तिथं फिक्स फोकस पार झोपतो आणि १३ च काय ५० मेगापिक्सल असले तरी धूसर ठिपकेच जास्त मिळणार. ओळखायचं कसं तर सोपं आहे, कॅमेरा उघडा, वीतभर अंतरावर काहीतरी धरा, स्क्रीनवर बोट टेकवा. ऑटोफोकस असेल तर चित्र क्षणभर मागंपुढं होऊन चटकन टोकदार होतं. नसेल तर बोट टेकवून फक्त उजेड कमीजास्त होतो, चित्र आहे तसंच राहतं. कधी कधी चौकोन दिसतो स्क्रीनवर, त्यावर जाऊ नका, तो चौकोन उजेडाचा असतो.

तर मी नव्या पेठेत गेले तेव्हा कापडी पिशवीत तीन वस्तू घेऊन गेले. एक पांढरा नॅपकिन ज्याचा एक लूप मुद्दाम ओढून ठेवला होता, एक कार्टनचा स्टिकर बारकोडवाला, आणि कार्बन कॉपीचं एक चलन, ते निळं पुसट असतं ना तसलं. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला मॅडम फोटो काय काढताय, स्पीड बघा की, गेम चालवून दाखवू का. मी म्हटलं दादा मला गेम नको, हा लूप दिसला पाहिजे. मग त्याला पण मजा यायला लागली. काउंटरच्या काचेवर नॅपकिन पसरला, एकेक टॅब घेऊन त्याच जागेवरून फोटो, मग लूपपर्यंत झूम. दुकानात काउंटरवर इतका उजेड असतो की सगळेच फोटो छान येतात, म्हणून मी त्याला काउंटरवरचे दिवे बंद करायला लावले, कारण आमच्या शेडमध्ये असला उजेड नाहीच. आणि तिथंच फरक पडला बघा. पाच टॅबपैकी तिघांचा लूप गेला. पुसट चलनावरचा वजनाचा आकडा फक्त दोघांवर वाचता आला. लोक काय म्हणतील वगैरे विचार करू नका, पैसे आपण देणार, दहा मिनिटं काउंटर अडवलं तर काही होत नाही. आणि ऑनलाइन स्वस्त पडत असेल तरी आधी कुठंतरी हातात घेऊन हे करून बघा, मगच मागवा.

आता कुठले घेतले ते. चेकिंग टेबलसाठी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ घेतला, छोटा, ८.७ इंची. हा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा वायफायवाला १२,९९९ ला होता. मागं ८ मेगापिक्सल आणि ऑटोफोकस आहे, तेवढंच मला पाहिजे होतं. फ्लॅश नाही. पुढचा कॅमेरा फक्त २ मेगापिक्सल, त्यावर व्हिडिओ कॉल करायचा विचार पण करू नका, चेहरा म्हणजे नुसता डाग दिसतो. आता त्याच्या जागी ए११ आलाय, सप्टेंबर २०२५ मध्ये आला, त्याला पुढं ५ मेगापिक्सल दिलेत, मागं ८ च ठेवलेत. नवीन घेणाऱ्यांनी तो बघावा.

छोटाच का घेतला हे सांगते कारण यावर आमच्यात वाद झाला होता. मालकांना ११ इंची पाहिजे होता, ए९ प्लस, मोठा दिसतो म्हणून. पण ए९ चं वजन ३३२ ग्रॅम आहे आणि ए९ प्लसचं ४८० च्या आसपास. कागदावर दीडशे ग्रॅमचा फरक काहीच नाही वाटत. पण चेकिंगच्या आमच्या अक्का दिवसभर उभ्या असतात, एका हातानं टॉवेल ताणून धरायचा आणि दुसऱ्या हातानं टॅब धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं फोटो दाबायचा, असं दिवसातून शंभरदा. मोठा टॅब दोन हातांशिवाय धरताच येत नाही आणि दोन हात टॅबला गेले तर टॉवेल कोण धरणार? मी तिघींना दोन्ही टॅब अर्धा-अर्धा तास वापरायला दिले (दुकानदार ओळखीचा झाला होता, डेमो पीस नेऊ दिले) आणि तिघींनी छोटा उचलला. जे वापरणार त्यांच्या हातात आधी द्या, एवढं तरी करा.

ऑफिससाठी मात्र वेगळा हिशोब होता. बायरशी व्हिडिओ कॉल असतात, माल दाखवायचा असतो, समोरचा माणूस युरोपात सकाळचा चहा घेत बसलेला आणि आपण इथं दुपारच्या उकाड्यात. त्यासाठी एक आयपॅड घेतला, ए१६ चिपवाला साधा, मार्च २०२५ मध्ये ३४,९०० ला आला तो. मागं १२ मेगापिक्सल, पुढं पण १२, आणि पुढचा कॅमेरा आडव्या बाजूला बसवलाय, त्यामुळं टॅब आडवा उभा करून बोललं तरी आपण कुठंतरी तिसरीकडं बघतोय असं वाटत नाही. रंग त्याचे मला जास्त खरे वाटले. पण फ्लॅश त्याला पण नाही, मेमरी कार्ड पडत नाही, आणि एक गोष्ट साईटवर काम करणाऱ्यांसाठी खास सांगते, वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यातच असतो. माझा मामेभाऊ बांधकामाची कामं घेतो, त्याला बिलासाठी फोटोवर जागेचा पत्ता छापून द्यायला लागतो, तो वायफायवाला घ्यायला निघाला होता, वेळेवर थांबवला. वापरलेला आयपॅड घेणार असाल तर नववी जनरेशन आणि दहावी यात मागच्या कॅमेऱ्याचा फरक आहे, नववीला मागं ८ मेगापिक्सल आहे आणि दहावीपासून १२, पण वर लिहिलंय तसं कामाला ८ पण पुरतात, तेवढ्यासाठी नववी नाकारू नका.

मधल्या बजेटमध्ये शाओमी पॅड ६ पण बघितला होता, जून २०२३ मध्ये २६,९९९ ला आलेला, मागं १३ मेगापिक्सल आणि फोटो मस्त येत होते, दुकानातल्या परीक्षेत तो पास झालेल्या दोघांपैकी एक. पण त्यात सिमच पडत नाही आणि आमच्या मागच्या गोडाऊनमध्ये वायफाय पोचत नाही, म्हणून राहिला. तुमच्याकडं वायफाय सगळीकडं असेल तर विचार करायला हरकत नाही.

पडापडीची जागा असेल, पावसात काम असेल तर सॅमसंगचीच अ‍ॅक्टिव्ह सिरीज येते, अ‍ॅक्टिव्ह ५ वगैरे, पाण्याधुळीचं आयपी६८, बॅटरी काढून बदलता येते, १३ मेगापिक्सल, फ्लॅश, सगळं आहे. पण स्वस्त या शब्दात ती बसत नाही. एका अ‍ॅक्टिव्हच्या पैशात तीन साधे टॅब चांगल्या कव्हरसकट येतात, आमच्यासारख्या युनिटला तेच परवडतं.

उजेडाबद्दल लिहिल्याशिवाय हे अर्धवट राहील. टॅब बदलून पण पहिल्या आठवड्यात फोटो मला पाहिजे तसे येईनात. मग लक्षात आलं की आमच्या चेकिंग टेबलवरची ट्यूब बरोबर डोक्याच्या मागं आहे, म्हणजे फोटो काढणाऱ्याची सावली टॉवेलवर पडते. एक एलईडी पट्टी आणून टेबलच्या डाव्या बाजूला, तिरपी, साधारण खांद्याच्या उंचीवर लावली. टेरीच्या टॉवेलला वरून सरळ उजेड टाकला की लूप सपाट दिसतात, बाजूनं तिरपा टाकला की प्रत्येक लूपची छोटी सावली पडते आणि जिथं लूप नाही किंवा ओढला गेलाय तिथं ती जागा लगेच उठून दिसते. हे आमच्या अण्णांना आधीपासून माहिती होतं. अण्णा आमचे जुने चेकर, मी शाळेत होते तेव्हापासून हे काम करतायत. ते टॉवेल बघतच नाहीत आधी, तळहात फिरवतात, आणि दोष असेल तिथं हात थांबतो. ते म्हणाले, उजेड असा आडवा पाहिजे ताई, हात कसा आडवा फिरतो, तसा. पट्टीचा खर्च किती, काहीशे रुपये. टॅबवर पाच हजार जास्त घातले असते तरी एवढा फरक पडला नसता.

व्हिडिओत काळे पट्टे वरखाली पळताना दिसत असतील तर टॅब खराब नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर किंवा ५० हर्ट्झ असा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर चांगल्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) एलईडी लावा, पट्टे जातात.

आणि रंग. हे टॉवेल, चादर, युनिफॉर्म, साडी ज्यांचं काम आहे त्यांनी नीट वाचा. फोटोवरून शेड पास करू नका, कितीही महागाचा कॅमेरा असू द्या. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो, ट्यूबखाली वेगळा, उन्हात वेगळा, मग बाकी सगळे रंग त्याच्याबरोबर सरकतात. वर बायरच्या मोबाईलचा स्क्रीन आणखी वेगळा. शेडसाठी लाईट बॉक्स असतो, त्यात डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा आणि टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा असे वेगवेगळे दिवे लावून बघायचं असतं, कारण दोन कापडं एका दिव्याखाली सारखी दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळी. शेडचा तुकडा कुरिअरनंच जाऊ द्या. फोटो दोष दाखवायला, नंबर वाचायला, पॅकिंगचा पुरावा ठेवायला. एवढ्यासाठीच. हां, एक गोष्ट मात्र करता येते, लाल आणि मरून टॉवेलचा फोटो काढताना नुसता लाल गोळा येतो, लूप दिसतच नाहीत, तेव्हा स्क्रीनवर बोट टेकवून शेजारचा उजेड कमीजास्त करायचा दांडा जरा खाली ओढा, फोटो काळपट वाटेल पण लूप दिसायला लागतात.

इतकं सगळं करून फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकला तर सगळं पाण्यात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून छोटा करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय तो तरी निवडा, नाहीतर सरळ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग आहे तसा जातो. आमच्याकडं महिनाभर हाच गोंधळ चालला होता, टॅबवर नंबर स्पष्ट दिसतोय आणि माझ्या कॉम्प्युटरवर धूसर, मी पोरींना परत परत फोटो काढायला लावत होते, चूक त्यांची नव्हतीच.

स्कॅनसाठी आमच्या ऑफिसात सगळे कॅमस्कॅनर वापरायचे, ते जून २०२० मध्ये सरकारनं बाकीच्या अ‍ॅपबरोबर बंद केलं, त्यानंतर कुणी काय कुणी काय टाकून ठेवलं होतं, जाहिरातीवाले, प्रत्येक पानावर स्वतःचा शिक्का मारणारे. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनचं बटण आहे, आयपॅडमध्ये नोट्समध्ये आहे, दुसरं काही टाकायची गरज नाही. फक्त जागेचा हिशोब ठेवा. गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून, जून २०२१ पासून फोटो पण त्यातच मोजले जातात. आमचे रोज शंभर फोटो, एकेक ३ एमबीचा धरला तर दिवसाला ३०० एमबी, म्हणजे पन्नास दिवसात १५ जीबी संपले. आम्ही दर शनिवारी लॉटनुसार फोल्डर करून ऑफिसच्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि टॅब रिकामा करतो. टॅबवर कंपनीचंच गुगल अकाउंट टाकलंय, कुणाचं घरचं नाही, नाहीतर एखादीनं काम सोडलं की फोटो तिच्याबरोबर जातात आणि तिचे घरचे फोटो आपल्याकडं राहतात, दोन्ही वाईट. अ‍ॅप पिन करायची सोय पण चालू केली, म्हणजे लोडिंगच्या पोरांच्या हातात टॅब गेला तरी कॅमेऱ्याच्या बाहेर जाता येत नाही.

बिलाचं एक. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे. युनिटच्या जीएसटी नंबरवर बिल घेतलं तर धंद्याच्या वापरासाठी म्हणून त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं (भरलेला कर युनिटच्या जीएसटीतून वळता होतो), स्वतःच्या नावावर घेऊन मागून व्हाउचर लावलं तर ते जातं. बिल बनायच्या आधी नंबर सांगा, नंतर दुरुस्ती करायला दुकानदार नाकं मुरडतात.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला नको. ॲपल स्वतःच आयपॅड शून्य ते ३५ अंशात वापरा म्हणतं. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याच्या वर. दुपारी चार्जिंगला लावला की चार्जिंग मध्येच थांबतं, टॅब तापला की स्क्रीन मंद होतो, लोकांना वाटतं बिघडला. बिघडलेला नसतो, बॅटरी वाचवायला स्वतःला आवरतो. आम्ही चार्जिंग रात्री आणि सकाळी शेड तापायच्या आत करतो, ऑफिसच्या कूलरजवळ. आणि टॉवेलच्या कारखान्यात रुई. सुताची बारीक रुई हवेत सतत उडते, चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते आणि पिन आत जाईनाशी होते, आठवड्याला एकदा लाकडी दातकोरणीनं टॅब बंद करून हलक्या हातानं काढायला लागते. लेन्सवर पण तीच बसते. आमच्या पोरी लेन्स हातातल्या टॉवेलनंच पुसायच्या, नव्या कोऱ्या टॉवेलची रुई तर आणखी चिकटते. मग चष्म्याचं कापड दोऱ्यानं प्रत्येक कव्हरला बांधून टाकलं. निम्म्या धूसर फोटोंचं कारण कॅमेरा नसतोच, लेन्सवरची ही रुई आणि बोटांचं तेल असतं.

लोडिंगला आता नियम केलाय, कंटेनर रिकामा असताना एक फोटो, निम्मा भरल्यावर एक, पूर्ण भरल्यावर एक, दार बंद करून सीलचा नंबर वीतभर अंतरावरून एक. गाडी इथून न्हावा शेव्याला जाते आणि तिथून पुढं जहाजानं कुठं कुठं, महिन्याभरानं कुणी विचारलं की कार्टन ओले होते का, फाटले होते का, तर आपल्या हातात काहीतरी असावं.

सुरुवातीला अण्णा टॅबला हातच लावत नव्हते. म्हणायचे मला हात आहे की. मी पण जोर केला नाही. मग एक दिवस त्यांनी मला बोलावलं, तीन टॉवेल टेबलवर शेजारी शेजारी पसरले होते, काठापासून मोजायला स्टीलची पट्टी लावली होती, आणि म्हणाले काढ फोटो. तिन्ही टॉवेलांवर उभी एक बारीक रेघ, लूप जरा विरळ, डोळ्याला सहज दिसणार नाही अशी. फोटोत झूम केलं, तिन्हीकडं काठापासून अंतर अगदी तेवढंच. टॅग पण स्पष्ट, तिन्ही १७ नंबरच्या मागाचे.

मी १७ वाल्याला बोलवायला पाठवलं. तो आला तेव्हा तोंड पडलेलं होतं, त्याला वाटलं परत काहीतरी कापणार. मी टॅब त्याच्या हातात दिला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, एक टॉवेल बघितला, दुसरा बघितला, मग पट्टीवरचा आकडा बघितला आणि म्हणाला, मॅडम ही फणी (मागावरचे उभे धागे ओळीत ठेवणारा कंगवा) गेलीय, दात वाकलाय एक, मी जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) दोनदा सांगितलं होतं पण त्याला दिसत नव्हतं. असं म्हणून तो टॅब तसाच घेऊन जॉबरला दाखवायला शेडमध्ये पळाला. दुपारी फणी बदलली. चार वाजता तो टॅब परत आणून द्यायला आला तेव्हा लेन्सवरची रुई पुसून आणली होती.